शिकण्याचा हिशेब

मंडळी, शेतकरी पेरणी करून घरी स्वस्थ बसत नाही. आठ दिवसांनी तो बांधावर जातो आणि उगवण बघतो. कुठे दाट उगवले, कुठे विरळ, कुठे पाखरांनी बी टिपले, हे तो ओळीओळीने पाहतो. जिथे बी उगवलेच नाही, तिथे ‘नांगे पडले’ असे तो म्हणतो. मग पुन्हा बी टोकून ते नांगे भरतो. गवंडी दोन थर चढले की ओळंबा सोडून भिंत बघतो. भाकरी फुगली की नाही, हे घरातल्या बाईला शेजारणीला विचारावे लागत नाही.

काम कोणतेही असो, करणारा माणूस मधूनमधून थांबतो आणि आपल्या कामाकडे आपणच बघतो. शिकण्याच्या कामात मात्र आपण असे करत नाही. वर्ग सुटला की पाटी-वही पिशवीत जाते. ‘कसं चाललंय शिकणं?’ असे कोणी विचारले, तर आपण म्हणतो, ‘ते गुरुजींना विचारा.’

गुरुजी किंवा ताई तुम्हाला दिवसातून तास-दीड तास भेटतात. उरलेले सगळे तास तुमचे तुमच्यापाशी असतात. रेशनच्या दुकानात पाटी वाचताना कुठे अडले, मुलाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी किती कळली, हे गुरुजींना कसे ठाऊक असणार? ते फक्त तुम्हालाच ठाऊक असते. म्हणून या पाठात आपण एकच गोष्ट शिकू. आपल्या शिकण्याचा हिशेब आपणच कसा मांडायचा, ती.

दोन खोटे हिशेब

हिशेब मांडताना माणसे दोन प्रकारे फसतात.

पहिला प्रकार असा. माणूस सही करायला शिकतो. महिनाभर तेच नाव गिरवतो. हात बसतो, सही झोकदार येते. मग तो म्हणतो, ‘आता मला लिहितावाचता येतं.’ पण त्याच्याच नावातले एक अक्षर उचलून दुसऱ्या शब्दात ठेवले, तर त्याला ते ओळखू येत नाही. ही सही म्हणजे रांगोळीचे चित्र झाले. हाताला चित्र येते, डोळ्याला अक्षर येत नाही.

यात धोका आहे, तो नीट समजून घ्या. अंगठा उठवणारा माणूस निदान म्हणतो तरी, ‘यात काय लिहिलंय, वाचून दाखवा.’ सही करणाऱ्याला असे विचारायची लाज वाटते. समोरचाही समजतो, की याला वाचता येते. कर्जाचा कागद असतो, जमिनीचा असतो, दुसऱ्याला जामीन राहण्याचा असतो. सही झाली की हा मजकूर तुम्हाला मान्य आहे, असेच धरले जाते. अर्धे शिकून पूर्ण शिकल्याचा आव आणला, तर अंगठ्यापेक्षा सही महाग पडते.

दुसरा प्रकार याच्या उलट आहे. ‘मला काहीच येत नाही. आता वय झालं. हे आपलं काम नव्हे.’ असे म्हणून माणूस वर्ग सोडतो. हा हिशेबही खोटाच. दोन महिने वर्गात बसलेल्याला काहीच येत नाही, असे होत नाही. पण काय येते, हे त्याने कधी मोजलेले नसते. मोजले नाही म्हणून दिसत नाही. दिसत नाही म्हणून धीर सुटतो.

आपल्या देशाच्या खानेसुमारीत कोणाला साक्षर म्हणतात, ठाऊक आहे? ज्याला कोणतीही एक भाषा समजून वाचता येते आणि लिहिता येते, त्याला. नुसती सही त्यात धरत नाहीत. आणि गंमत अशी, की खानेसुमारीला येणारा माणूस सहसा परीक्षा घेत नाही. घरातली माणसे सांगतील, तेच तो लिहून घेतो. म्हणजे तिथेही खरेखोटे आपल्याच तोंडी असते.

गाठोडे सोडून बघा

वर्गोवर्गी होते तसले एक बोलणे इथे देतो. एक मावशी चार दिवस वर्गाला आल्या नाहीत. ताई त्यांच्या घरी गेल्या.

‘मावशी, वर्गाला का येत नाही?’

‘कशाला येऊ, ताई? डोक्यात काही शिरत नाही. अक्षरं नुसती पळतात बघा.’

‘सगळीच पळतात?’

‘सगळीच.’

ताईंनी वहीच्या पानावर गावांची नावे लिहिली. एस. टी.च्या पाटीवर असतात तशी. सातारा, वाई, पुणे, भोर, धुळे, थेऊर.

मावशींनी बोट ठेवून वाचले, ‘सा-ता-रा. वाई. पुणे. मोर...’

‘मोर नावाचं गाव कुठं आहे, मावशी?’

मावशी हसल्या. ‘भोर असंल. माझं माहेरच तिकडं हाय की! पुढं... घुळे. येऊर.’

‘सहांतली तीन बरोबर आली. मग सगळीच अक्षरं कुठं पळाली? कोणती पळाली, ते तुम्हीच शोधा.’

मावशींनी पुन्हा पाहिले. भ चा म झाला होता. ध चा घ झाला होता. थ चा य झाला होता. मग त्याच म्हणाल्या, ‘ताई, या तिघांच्या डोक्यावरची रेघ तुटकी हाय. डावीकडं नुसती गाठ मारल्यावाणी दिसतंय. आन् म, घ, य यांची रेघ मात्र सबंध हाय.’

अगदी बरोबर! मावशींना अडत होते ते एवढ्या एकाच ठिकाणी. डोक्यावरची रेघ तुटकी की सबंध, हे बघायची सवय लागली, की तीन जोड्या एकदम सुटतात. ‘काही येत नाही’ हे एक गाठोडे आहे. ते डोक्यावर घेतले तर जड लागते. खाली ठेवून सोडले, तर आत दोन-तीनच जिनसा निघतात.

वहीची तीन घरे

आता हिशेबाची रीत सांगतो. वहीचे एक पान घ्या. उभ्या दोन रेघा मारा. पानाची तीन घरे होतील. पहिल्या घरावर लिहा ‘आले’. दुसऱ्यावर लिहा ‘अडले’. तिसऱ्यावर लिहा ‘आता काय करू’. आठवड्यातून एकच दिवस, बाजारच्या दिवशी म्हणा किंवा सुट्टीच्या दिवशी, दहा मिनिटे बसून ही घरे भरा.

एका पानावर असे लिहिलेले असू शकेल:

आले: बसच्या पाटीवरची गावे वाचली.
अडले: भ आणि म यांत घोटाळा होतो.
आता काय करू: भ ची पाच नावे आणि म ची पाच नावे लिहीन.

आले: वीजबिलावरचा आकडा आणि शेवटची तारीख वाचली.
अडले: ‘ग्राहक क्रमांक’ वाचता आले नाही.
आता काय करू: ग्र, क्र, प्र ही अक्षरे ताईंकडून समजून घेईन.

यात दोन गोष्टी सांभाळा. ‘आले’ हे घर आधी भरा. ते कधीही रिकामे ठेवू नका. आणि ‘अडले’ या घरात ‘वाचन येत नाही’ असे मोघम लिहू नका. कोणता शब्द, कोणते अक्षर, कोणत्या ठिकाणी, ते लिहा. वैद्याला ‘बरं वाटत नाही’ एवढेच सांगून औषध मिळत नाही. कुठे दुखते ते सांगावे लागते.

अजून लिहिता येत नसेल, तरी हिशेब थांबत नाही. अडलेल्या शब्दाखाली टिंब द्या. पुन्हा अडला तर दुसरे टिंब द्या. तीन टिंबे झाली, की तो शब्द गुरुजींना दाखवा.

चुकांचे गठ्ठे करा

महिनाभर पाने भरली, की ती एकदम उघडून बघा. चुका पन्नास दिसतील. पण त्यांचे गठ्ठे केले, तर चार-पाचच होतील. दोन गठ्ठे आम्ही सांगतो, कारण ते बहुतेकांच्या वहीत सापडतात.

एक गठ्ठा र चा. र एक, पण त्याची सोंगे अनेक. ‘अर्ज’ या शब्दात तो ज च्या डोक्यावर बसतो, पण बोलताना ज च्या आधी येतो. ‘क्रमांक’मध्ये तो क च्या पायाशी तिरपी रेघ होतो. ‘राष्ट्र’मध्ये ट च्या खाली जातो. आणि ‘सातबाऱ्यावर’ लिहिताना तो य च्या आधी आडवा पडतो. चारी सोंगांत र एकच, हे ध्यानात आले, की अर्धे सरकारी कागद सोपे होतात.

दुसरा गठ्ठा वेलांटीचा आणि उकाराचा. पहिली द्यावी की दुसरी, हे कळत नाही. मराठी साहित्य महामंडळाने लेखनाचे नियम केले आणि सरकारने ते १९६२ साली मान्य केले. त्यांतले दोन नियम पाठ करा. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी आली, तर ती दुसरी द्यायची. उकार आला, तर तोही दुसरा. जसे पाटी, वही, भाजी, लाडू, विंचू. ‘आणि’, ‘नि’, ‘परंतु’ असे थोडेच शब्द वेगळे आहेत. दुसरा नियम असा: शब्दाला शेपूट लागले, की आतली दुसरी वेलांटी किंवा उकार बहुधा पहिला होतो. मीठ, पण मिठाचा. दूध, पण दुधात. विहीर, पण विहिरीत. या दोन नियमांनी वहीतल्या कितीतरी चुका एकदम जातात. पण त्या कोणत्या, हे ज्याने चुका लिहून ठेवल्या, त्यालाच दिसणार.

घरची बोली ही चूक नव्हे

हिशेब मांडताना एक गोष्ट चुकीच्या घरात टाकू नका. वऱ्हाडातला माणूस ‘मला’ऐवजी ‘मले’ म्हणतो. सिंधुदुर्गातला ‘माका’ म्हणतो. कोणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणतो, कोणी ‘डोळा’ला ‘डोया’ म्हणतो. ही त्या त्या मुलखाची बोली आहे. आईने शिकवलेली आहे. ती अडल्याच्या घरात लिहायची नाही.

मात्र कागदाची भाषा वेगळी असते. ती सगळ्या मुलखांना मिळून एक ठेवलेली आहे, म्हणजे वर्ध्याचा अर्ज साताऱ्यालाही वाचता येतो. तेव्हा वहीत असे लिहा: ‘घरी पानी, कागदावर पाणी.’ दोन्ही शब्द आपलेच. बैलगाडीची वाट वेगळी, सडक वेगळी. ज्याला दोन्ही वाटा ठाऊक, तो चुकत नाही.

पाठ झाले की वाचता आले?

आपली आपण परीक्षा घेताना एक फसवणूक होते. पुस्तकातला धडा दहा वेळा ऐकून तोंडपाठ होतो. मग बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्या ओळीवर, असे चालते. आपल्याला वाटते, आपण वाचतो आहोत.

हे ओळखायचे उपाय सोपे आहेत. धड्यातल्या चित्रावर हात ठेवा आणि मग वाचा. ओळ शेवटाकडून एकेक शब्द घेऊन वाचा. धड्यातला ‘बाजार’ हा शब्द दुसरीकडे, दुकानाच्या पाटीवर किंवा वर्तमानपत्रात, शोधा. तिथेही ओळखला, तर तो तुमचा झाला. मोबाइलवर बँकेचा निरोप आला, तर मुलाच्या हातात देण्याआधी स्वतः वाचून बघा. मग मुलाकडून वाचून घ्या. दोन्ही वाचने जुळतात का, ते पाहा. अडले ते वहीत टिपा. आणि वाचले त्याचा अर्थ आपल्या शब्दांत दुसऱ्याला सांगता येतो का, ही सगळ्यांत मोठी परीक्षा.

विसरायला वय लागत नाही

‘काल आलं होतं, आज गेलं,’ ही तक्रार सगळ्यांची असते. माणूस दोष वयाला देतो. यावर एका पंडिताची गोष्ट ऐका.

जर्मनी देशात हर्मान एबिंगहाउस नावाचा एक विद्वान होऊन गेला. माणूस किती आणि कसे विसरतो, हे त्याला शोधायचे होते. त्याने दुसऱ्या कोणाला पकडून आणले नाही. अर्थ नसलेली अक्षरे तो स्वतःच पाठ करी, स्वतःच काही वेळाने तपासी आणि हिशेब लिहून ठेवी. १८८५ साली त्याने तो हिशेब पुस्तकात छापला. पाठ केल्यावर पहिल्या तासाभरातच निम्म्याहून अधिक गेले, असे त्याला आढळले. पुढे विसरण्याचा वेग कमी होत गेला. महिन्यानंतरही थोडे शिल्लक होते. आणि विसरलेले पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागे.

हे प्रयोग केले तेव्हा त्याचे वय तिशीच्या आसपास होते. शिकलासवरलेला, तरणाताठा माणूस तासाभरात एवढे विसरला, तर आपण दिवसभर काम करून रात्री शिकलेले सकाळी थोडे विसरलो, यात नवल काय? विसरला म्हणजे सगळे वाया गेले असे नाही. दुसऱ्या खेपेला कष्ट कमी पडतात.

म्हणून नवा शब्द शिकलात, की तो दुसऱ्या दिवशी न बघता लिहून पाहा. मग आठ दिवसांनी, मग महिन्याने. प्रत्येक खेपेला आला, तर पुढे खूण करा. नाही आला, तर नुसती ओळ पुन्हा सुरू करा. नांगे भरायला शेतकरी लाजत नाही.

हिशेब कोणी ठेवायचा?

मोठेपणी शिकणारे तुम्ही काही पहिले नाही. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा भरली. साठी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगडी नेसून आणि पाटी-दप्तर घेऊन तिथे गेल्या. १९५१ च्या खानेसुमारीत देशात शंभरांत सुमारे १८ माणसे साक्षर होती. २०११ साली ती ७३ झाली.

हे आकडे सरकार ठेवते. गावाचा हिशेब गाव ठेवते. पण एखाद्या माणसाला आलेले अक्षर पुढे टिकले का पुसले, हे त्या हिशेबात कळत नाही. साक्षरतेचा सोहळा होतो, पुस्तक फळीवर जाते आणि वर्ष-दोन वर्षांत हात पुन्हा अंगठ्याकडे वळतो. असे होऊ द्यायचे नसेल, तर वही चालू ठेवायला हवी. ती वही आमची नव्हे, तुमची.

शिकवणाऱ्या मंडळींनाही एक सांगतो. शिकणाऱ्याची वही लाल शाईने भरून टाकू नका. आधी त्यालाच विचारा, ‘यात तुम्हाला कुठं शंका वाटते?’ त्याने बोट ठेवले, तिथूनच त्या दिवशी सुरुवात करा.

अभ्यास

१. आजच वहीचे एक पान तीन घरांचे करा. ‘आले’ या घरात तीन गोष्टी लिहा.

२. भ, ध, थ आणि म, घ, य या अक्षरांची दोन-दोन नावे लिहा. डोक्यावरची रेघ कुठे तुटकी आहे, तिथे बोट ठेवा.

३. ही नावे वाचा: अर्ज, क्रमांक, राष्ट्र, सातबाऱ्यावर. प्रत्येकात र कुठे लपला आहे, ते शेजाऱ्याला दाखवा.

४. तुमच्या घरच्या बोलीतले पाच शब्द लिहा. त्यांच्यासमोर कागदाच्या भाषेतले शब्द लिहा.

५. घरातला एखादा जुना कागद काढा, ज्यावर तुम्ही पूर्वी सही केली आहे किंवा अंगठा उठवला आहे. त्यातले किती शब्द आज वाचता येतात, ते मोजा. आकडा आणि तारीख वहीत लिहून ठेवा. तीन महिन्यांनी तोच कागद पुन्हा वाचा.